पेडिक्युअर केलेला प्रेषित

कोणाचं मिंधं राहायचं नाही, हा आमच्या घराण्याचा बाणा. वसईहून वर्तकनगरात राहायला आलो तेव्हा टेम्पोतलं लोखंडी कपाट मी एकट्यानेच उतरवायला घेतलं. पाठ धरली ती कायमची, पण हमालाचे उपकार नाहीत! शेजारी वाटीभर साखर मागायची नाही, रिक्षावाल्याचे दोन रुपये ठेवायचे नाहीत. देवाशीही व्यवहार चोख: रविवारची मिस्सा, दानपेटीत नोट, हिशेब पूर्ण.

अशात पवित्र गुरुवारी फादर ज्या बारा जणांचे पाय धुणार, त्यांच्या यादीत माझं नाव आलं. 'माझी काय पात्रता, फादर' असं म्हणून मी मान खाली घातली आणि घरी येऊन वसईपर्यंतच्या समस्त नातेवाइकांना फोन लावले. येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले, ते योहानाच्या शुभवर्तमानाच्या १३व्या अध्यायात आहे, हे त्यांना ठाऊकच होतं, तरी सांगितलं. बाराव्या पायस पोपनी १९५५मध्ये पवित्र आठवड्याच्या विधींची फेररचना केली, तेव्हा हा विधी संध्याकाळच्या मिस्सेत आला. २०१३मध्ये पोप फ्रान्सिस रोममधल्या बालसुधारगृहात गेले आणि तिथल्या मुलामुलींपुढे गुडघ्यावर बसले. त्यांत मुसलमानही होते. २०१६मध्ये तर त्यांनी नियमच बदलून स्त्रियांनाही या बारांत जागा दिली. ही सगळी परंपरा आता माझ्या उजव्या पायापर्यंत येऊन पोचली आहे, असा एकंदर माझ्या बोलण्याचा सूर होता.

पण पाय! टाचेला भेगा, करंगळीला कुरूप. असला पाय फादरांच्या हातात द्यायचा म्हणजे त्यांचे उपकार घेणं आलं. मी पोखरण रोडवरचं एक पार्लर गाठलं. तिथली मुलगी दगडाने टाच घासता घासता म्हणाली, "काका, घरात लग्न आहे का?"

"नाही, नम्रतेचा विधी आहे."

बायकोने ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "अहो, तिथे धुणारच आहेत ना? मग इथून धुऊन कशाला निघालात?" मी लक्ष दिलं नाही. घासलेल्या पायाला धूळ लागू नये म्हणून स्टेशनबाहेरच्या ठेल्यावरून कोरे करकरीत काळे मोजेही आणले होते.

वर्तकनगरात गुरुवार म्हणजे साईबाबांचा वार. मंदिराच्या गर्दीत रिक्षा अडकली, तेव्हा उतरून तरातरा चालत सुटलो. हार घेऊन निघालेल्या शेजारच्या काकू म्हणाल्या, "आज आमचाही गुरुवार, तुमचाही!" एप्रिलचा उकाडा. मोज्यांच्या आत काय चाललं होतं ते देवालाच ठाऊक.

चर्चमध्ये माझ्या शेजारी आमच्याच सोसायटीत धुणीभांडी करणाऱ्या मावशी होत्या. चप्पल बाकाखाली सरकवून त्या बस-स्टॉपवर बसावं तशा निवांत बसल्या होत्या. फादर जवळ आले. मी ऐटीत उजवा मोजा काढला आणि बघतो तर घोट्यापासून नखांपर्यंत पाय काळाकुट्ट! फादरांनी तांब्यातून पाणी ओतलं. परातीत काळा ओघळ उतरला. पांढऱ्या टॉवेलवर माझी पाचही बोटं उमटली.

"काय हो हे?" फादर पुटपुटले.

"पेडिक्युअर, फादर."

त्यांनी पुन्हा ओतलं, पुन्हा चोळलं, नखांच्या कडा अंगठ्याने घासल्या. गायनवृंदाचं गीत संपलं, ते त्यांना पुन्हा पहिल्यापासून धरावं लागलं. उठायला गेलो तर पायाला मुंग्या. मावशींनी दंड पकडला. "धरा साहेब, लाजू नका. पाय झटका."

घरी बायकोने 'स्मृतिचित्रे' काढलं. लक्ष्मीबाई टिळकांवर तिची भारी भक्ती. म्हणाली, "लक्ष्मीबाईंचे यजमान ना. वा. टिळक यांनी १९१७मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली आणि देवावर भार टाकून 'देवाचा दरबार' उभा केला. तुम्ही भार टाकलात मोज्यांवर."

मग मी त्या बारा शिष्यांतल्या पेत्राचा आधार घेतला. माझे पाय तुला कधीच धुऊ देणार नाही, असं त्यानेही प्रभूला सांगितलंच होतं. हा माणूस नक्की आमच्या घराण्यातला! लोकांना ती त्याची नम्रता वाटते. मला त्यात मिंधं होण्याची धास्ती दिसते. खाली वाकणं सोपं असतं हो. वाकणारा निदान काहीतरी करत तरी असतो. दुसरा वाकलेला असताना आपला मळका पाय पुढे करून गप्प बसायचं, तिथे जीव जातो. प्रभूने पेत्राला रोकडं सांगितलं: धुऊ दिलं नाहीस तर तुला माझ्याबरोबर वाटा नाही. पेत्राने लगेच पलटी खाल्ली. मग नुसते पाय कशाला, हात आणि डोकंही धू म्हणाला. मी सगळा मळ पार्लरमध्ये ठेवून वाटा मागायला गेलो होतो. देवाकडे जाताना देवाला काही काम म्हणून शिल्लक ठेवलं नव्हतं. ते त्या ठेलेवाल्याने ठेवलं.

असो. पेत्राला स्वर्गाच्या राज्याच्या किल्ल्या मिळाल्या. मला फादरांचा निरोप मिळाला: नवे मोजे आधी मिठाच्या पाण्यात भिजवावेत, आणि चर्चचा टॉवेल धुऊन आणावा.