कॅलरीच्या आकड्यास अनावृत पत्र

परमपूज्य कॅलरीमहाराज,
मु. पो. हँडलवरचा पडदा

शि. सा. न. वि. वि.

सिंहगडाची सायकलफेरी संपताच आपण '१००३ किलोकॅलरी' असे दर्शन दिलेत. वरच्या तिनासकट! एवढा काटेकोरपणा आमच्या वाण्याकडेही नाही.

आपले शेजारी पॉवर मीटर, साधे गृहस्थ. डाव्या क्रँकवर बसतात, डाव्या पायाचे काम मोजतात आणि तेवढेच उजव्याच्या नावावर टाकतात. आमच्या दुखऱ्या उजव्या गुडघ्याची अब्रू राहिली. त्यांचे उपकार विसरणार नाही.

त्यांनी १००३ किलोज्यूल सांगितले, आपण एकक बदलून तोच आकडा छापलात. काय ही सफाई! एक किलोकॅलरी म्हणजे ४.१८४ किलोज्यूल, पण शरीर खर्चते त्यातले २४ टक्केच पेडलला पोचते असे धरले, की भागाकार-गुणाकार एकमेकांना जवळजवळ खाऊन टाकतात. उरलेल्याची उष्णता होते, आम्ही घाम पुसतो.

हे २४ टक्के ठरवताना आम्हाला विचारण्याची तसदी आपण घेतली नाहीत, हा आपला मोठेपणा. कोणाचे २० असतात, कोणाचे २५. विसाच्या हिशेबाने तीच चढण सुमारे १२०० किलोकॅलरीला पडते, पंचविसाच्या हिशेबाने ९६०ला. मधल्या फरकात गडावरची पिठल्याबरोबरची दुसरी भाकरी आरामात बसते. घ्यावी की नको, एवढेच आपण सांगत नाही. शिवाय तेच वॉट मिनिटाला ६० फेऱ्यांनी काढा की १०० फेऱ्यांनी, आपल्याला सारखेच. धाप लागते ती आम्हाला.

उतारावर पेडल थांबले, वॉट शून्य, आपणही शून्य. ब्रेक आवळून बोटे बधिर झाली. हृदय तेवढा वेळ बहुधा सेवाभावाने चालले असावे.

घरी आल्यावर ॲपने आपल्याला दिवसभराच्या मूळ खर्चात मिळवले. तो तर आपल्यात आधीच धरलेला. म्हणजे गड चढताना नुसते जिवंत राहण्याचे पैसे दोनदा जमा! दुपारभर सोफ्यावर लोळलो, ती वजाबाकी मात्र कुठेच नाही. आपली दानत मोठी.

खरा खर्च मोजायला १९८०च्या दशकात डच संशोधकांनी टूर द फ्रान्सच्या सायकलपटूंना समस्थानिकांची खूण असलेले पाणी पाजले आणि त्यांची लघवी तपासत बसले. एवढ्या खटाटोपाने कळला तो कित्येक दिवसांचा एकूण खर्च. कोणत्या घाटात किती, ते नाहीच. बिचाऱ्यांना आपला पत्ता ठाऊक नव्हता.

एकच विनंती. पुढच्या वेळी '९५० ते १२००' असे लिहावे. जागा कमी पडत असेल तर किलोज्यूल तेवढे ठेवून आपण विश्रांती घ्यावी.

कळावे. लोभ कमी केलात तरी चालेल.

आपला आज्ञाधारक,
एक सायकलवाला (पाय दोन, मोजलेला एक)