हिरव्या फलकाच्या मालकांस

राजूरच्या शाखेत हिरवा फलक टांगणाऱ्या बँकेच्या मोठ्या साहेबांना,



तुमचा फलक मला पाठ झाला आहे. आमच्या बचत गटातल्या आम्ही पाचजणी सकाळी अकरापासून त्याच्याच खाली बसलो होतो. ‘वसुंधरेसाठी हरित ठेव’, बाजूला पिंपळाचं पान, खाली व्याजदर. फलक प्लास्टिकच्या फ्लेक्सचा, आणि दाराबाहेर डिझेलचा जनरेटर धडधडत होता.

आम्हाला सोलर ड्रायरसाठी नव्वद हजार हवे होते. इथल्या बायका रानातून बाळहिरडा वेचून आणतात आणि अंगणात वाळत घालतात. वळवाची एक सर आली की हिरडा भिजतो, बुरशी धरतो, आणि व्यापारी भाव पाडतो. तुम्ही विचारलंत, जमीन कोणाच्या नावावर आहे? नवरा जामीन राहील का? सरकारच्या ‘उमेद’ अभियानातल्या आमच्यासारख्या बचत गटाकडे 10 लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागायचं नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो साहेबांना आम्ही सांगायचा? झेरॉक्सचा तिसरा गठ्ठा देऊन आम्ही घरी आलो.

हरित ठेवींचे नियमही रिझर्व्ह बँकेचेच आहेत, 1 जून 2023 पासूनचे. या ठेवींचा पैसा सौरऊर्जेसारख्या कामांनाच लावायचा, आणि तो तसा लागला का हे दरवर्षी बाहेरच्या त्रयस्थाकडून तपासून घ्यायचं. पानाचं चित्र छापलं की हे काम होत नाही. गावाची ठेव घ्यायची आणि गावच्या उन्हावर चालणाऱ्या यंत्राला कर्ज नाकारायचं, याला आम्ही फसवणूक म्हणतो.

आमच्याच अकोले तालुक्यात, कोंभाळण्याला, राहीबाई पोपेरे यांची बँक आहे. तिथे गावठी बियाणं मिळतं. पीक आलं की नेलं त्याच्या दुप्पट परत करायचं, एवढीच अट. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली. कर्ज कशासाठी द्यायचं, हे तुमच्या कर्ज विभागाने त्यांच्या अंगणात बसून शिकावं.

फलकावर एक ओळ वाढवा : हरित ठेवींतले किती रुपये अकोले तालुक्यात कर्ज म्हणून आले. ती लिहिता येत नसेल, तर फलक उतरवा. आमचा अर्ज तुमच्याच टेबलावर आहे, आणि हिरड्याचा हंगाम तोंडावर आला आहे.

राजूरची एक खातेदार