बसल्या बसल्या

हिवाळा आला की घरबसल्या करायच्या उबदार छंदांवर लिहिण्याची साथ येते. खिडकीशी आरामखुर्ची, मांडीवर लोकरीचा गुंडा, हातात वाफाळता मग आणि पायाशी मांजर, असा त्या लेखांचा ठरलेला थाट. हा थाट उचलून जळगाव-धुळ्यात आणला तर काय होईल, याचा विचार कोणी केलेला दिसत नाही. माझं म्हणणं असं, की तो इथे टिकणार नाही. खान्देशी माणसाला आरामाचं वावडं आहे अशातला भाग नाही. त्याने याहून चलाख व्यवस्था फार पूर्वीच लावून ठेवली आहे. इथे छंद छंदाच्या नावाने घरात शिरत नाही. तो कामाचं सोंग घेऊन येतो, परातीशी बसतो आणि कोणाला संशय यायच्या आत माणसाला ऊब देऊन मोकळा होतो.

पण मुळात खान्देशात थंडी असते का, हे पुण्या-मुंबईचा माणूस विचारतोच. त्याच्या डोक्यात जळगाव म्हणजे मे महिना. भुसावळचा पारा शेहेचाळिसावर गेल्याची बातमी तो दरवर्षी वाचतो आणि उरलेले अकरा महिने त्याच बातमीवर काढतो. नोंदी वेगळं सांगतात. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातला पारा काही हिवाळ्यांत पाच-सहा अंशांपर्यंत उतरलेला आहे, आणि जळगावात पहाटेचे आठ-नऊ अंश ही काही बातमी नव्हे. समुद्र लांब, हवा कोरडी, आभाळ निरभ्र. दिवसभर तापलेली काळी जमीन रात्री सगळी ऊब आभाळाला परत करून टाकते. त्यामुळे एकाच माणसाला एकाच घरात बसून वर्षभरात पस्तीस-चाळीस अंशांचा पल्ला गाठावा लागतो. बरं, घर बांधलेलं असतं ते मे महिन्याच्या धास्तीने. छत उंच, फरशी शहाबादी आणि खिडकीत कूलर. हा कूलर पावसाळ्यानंतर काढायचा बेत दरवर्षी होतो आणि दरवर्षी बेतच राहतो. मग जानेवारीच्या पहाटे त्याच्या जाळीतून सातपुड्याकडचं वारं थेट अंथरुणात येतं, आणि त्याला अडवायला जुनी चादर कोंबावी लागते.

एवढ्यानेही खात्री पटत नसेल, तर केळीची साक्ष काढावी. पारा दहा-बाराच्या खाली गेला की केळीची वाढ थबकते, पानं पिवळी पडतात, घड बाहेर यायला कुरकुर करतो. म्हणून रावेर-यावलकडचा शेतकरी बागेला रात्री विहिरीचं कोमट पाणी देतो, बांधावर काडीकचरा पेटवून धूर करतो आणि घडांवर पिशव्या चढवतो. हवामानावर आधारलेल्या फळपीक विम्यात तर सलग तीन दिवस पारा ८ अंशांवर किंवा त्याखाली राहिला, तर केळीला भरपाईची तरतूद आहे. म्हणजे पांघरूण, शेकोटी आणि सरकारी संरक्षण या तिन्ही गोष्टी हिवाळ्यात एकदम मिळणारा खान्देशातला एकमेव जीव केळी हा होय. माणूस सलग तीन दिवस कुडकुडला तर पंचनाम्याला कोणी येत नाही.

थंडी आहे हे मान्य झालं की पुढचा मुद्दा असा, की ती अर्धवेळ नोकरीवर आहे. डिसेंबरात कोपनहेगनला जेमतेम सात तासांचा दिवस असतो आणि दुपारी पावणेचारच्या आत सूर्य घरी गेलेला असतो. तिथल्या माणसाला मेणबत्त्या लावून घरात बसण्यावाचून गत्यंतर नसतं. आणि गत्यंतर नसलेल्या गोष्टीला छंद म्हटलं की ती सोसते, हा शहाणपणा त्या लोकांकडे आहे. जळगावात त्याच दिवशी जवळजवळ अकरा तास ऊन असतं. पहाटे नऊ अंश, दुपारी अठ्ठावीस. दुपारी एक वाजता एखादा गोधडी ओढून पुस्तक वाचताना दिसला, तर शेजारी दारातूनच विचारणार, "काय भो, ताप आला का?" त्यात आणखी एक तिढा असा, की उन्हाळ्यासाठी बांधलेलं घर हिवाळ्यात दिवसा बाहेरपेक्षा गार असतं. ऊब हवी तर ओट्यावर, अंगणात नाहीतर गच्चीवर जावं लागतं. तेव्हा खान्देशात घरबसला छंद म्हणजे प्रत्यक्षात उंबऱ्याच्या बाहेर, उन्हात आणि अख्ख्या गल्लीच्या डोळ्यांसमोर बसणं. इथेच सगळी गोम आहे. चार भिंतींच्या आत रिकामं बसता येतं. ओट्यावर रिकाम्या हातांनी बसलेल्या माणसाची चौकशी होते. हातात काहीतरी असावंच लागतं.

ते काहीतरी पुरवायला हा ऋतू समर्थ आहे. तुरीच्या शेंगा, मटार, हरभऱ्याचे घाटे, भुईमूग, लसूण, निवडायची मेथी. वर्षातल्या दुसऱ्या कुठल्याही काळात निसर्ग एवढ्या वस्तू सालीसकट पाठवत नाही. सोलण्याचे गुण विचार करण्यासारखे आहेत. हात गुंततात, डोकं आणि तोंड मोकळं राहतं. चूक होऊन होऊन होणार काय, तर एखादा दाणा खाली पडेल, तो खाता येतो. शिवाय प्रगती डोळ्यांना दिसते: इकडे दाण्यांचा ढीग, तिकडे टरफलांचा. एवढी चोख फलनिष्पत्ती मोठमोठ्या कचेऱ्यांतल्या आढावा बैठकांतही दिसत नाही. आणि याला कोणी आळस म्हणू शकत नाही. "बसल्या बसल्या एवढं सोलून टाका" हे वाक्य वरून आज्ञेसारखं वाटलं, तरी तो बसण्याचा रीतसर परवाना असतो.

निव्वळ शोभेचे छंद इथे वाढले नाहीत असं नाही, पण त्यांनाही आधी उपयोगाचा दाखला काढावा लागला. क्रोशाचं उदाहरण घ्या. सुईवर तासन् तास फिरणाऱ्या बोटांना घरात मान होता, कारण त्यातून टीव्हीवरचा रुमाल, फ्रिजवरचं आच्छादन आणि तांब्यावरची जाळी निघत असे. पुढे टीव्ही चपटा झाला, रुमाल ठेवायला त्याला माथाच उरला नाही, आणि क्रोशाची उमेद गेली. एक कला कारखान्यातल्या यंत्राने मारली असती तर तिच्यासाठी परिसंवाद झाले असते. ती पडद्याच्या जाडीने मारली म्हणून कोणी हळहळलं नाही. याच न्यायाचा भारदस्त नमुना धुळ्यात आहे. इतिहासाचार्य राजवाडे गावोगावचे जुने मोडी कागद गोळा करत हिंडायचे. हे व्यसन रद्दीच्या मोहासारखं दिसायला वेळ लागला नसता, पण त्यातून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावाने बावीस खंड निघाले, आणि बावीस खंडांपुढे कोण बोलणार? १९२६ च्या ३१ डिसेंबरला ते धुळ्यात वारले आणि पुढच्याच वर्षी तिथे त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. ढीग दाखवता आला की छंदाची संस्था होते. मटारात आणि मोडीत फरक आहे, पण नियम एक आहे.

या सगळ्या सोंगांत अस्सल हिवाळी म्हणावं असं एकच, काटेरी हलवा. बाकीची कामं थंडीत करता येतात. हलवा थंडीशिवाय होतच नाही. परात मंद निखाऱ्यावर ठेवायची, तिच्यात तीळ, साबुदाणे किंवा खसखस घ्यायची, साखरेचा पाक चमचा चमचा सोडायचा आणि बोटांनी दाणे सतत हलवत राहायचं. पाक जास्त पडला तर गोळे होतात, आच वाढली तर साखर तांबूस पडते, हात थांबला तर दाणे एकमेकांना चिकटतात. हवा गार आणि कोरडी असेल तरच दाण्याला काटा येतो. म्हणजे माणसाच्या अंगावर ज्या कारणाने येतो, त्याच कारणाने. म्हणून पहाटेची वेळ धरायची आणि असं कित्येक दिवस चालवायचं, तेव्हा कुठे संक्रांतीला सुनेच्या गळ्यात घालायला हलव्याचा हार तयार होतो. उपयोगाच्या दृष्टीने पाहिलं, तर हे मनुष्यजातीने शोधलेलं सगळ्यात निष्फळ काम ठरावं. बाजारात पाकीट मिळतं, ते स्वस्त असतं आणि दाणेही एकसारखे असतात. पण परातीच्या खाली निखारा असतो आणि वर वाकलेला माणूस असतो. थंडीच्या पहाटे निखाऱ्यापाशी तास-दोन तास बसण्याचं एवढं पवित्र निमित्त दुसरं कुठलं? नुसतं शेकत बसलं तर लोक आळशी म्हणतात. मध्ये परात ठेवली की संस्कृती होते.

यावर कोणी म्हणेल, ही वर्णनं जुनी झाली. आजचा हिवाळी छंद म्हणजे गोधडीतला मोबाईल. आक्षेप खरा आहे. घरोघरी रात्री हेच चालतं. पण ऊब हा निकष लावला तर मोबाईल साफ नापास होतो. तो धरायला एक हात आणि सरकवायला एक बोट पांघरुणाबाहेर ठेवावं लागतं, आणि साधा हातमोजा त्याला ओळखत नाही. तासाभराने सगळा देह उबदार आणि दोन्ही हात गारठलेले, अशी अवस्था होते. त्यातून टरफलंही निघत नाहीत, त्यामुळे तासभर काय केलं याचा पुरावा नाही. दुसरा आक्षेप शेतकऱ्याच्या घरचा आहे आणि तो जास्त वजनदार आहे: ज्याच्या घरात कापूस पडून आहे, त्याला कसली ऊब सांगता? २०२२-२३ च्या हंगामात खान्देशातल्या कितीतरी घरांनी हे सोसलं. आदल्या हंगामात भाव क्विंटलला दहा हजारांच्या वर गेलेला, म्हणून यंदाही जाईल या आशेने कापूस घरातच रचून ठेवला. खोल्या छतापर्यंत भरल्या. शास्त्राने पाहिलं तर घराला आतून एवढा कापूस लावल्यावर थंडीची काय बिशाद! प्रत्यक्षात भाव उतरत गेला, आणि साठवलेल्या कापसाने घरातल्यांच्या अंगाला खाज सुटली. ऊब होती, ती घ्यायला चित्त नव्हतं. बसल्या बसल्या खाजवणं हा एकच उद्योग उरला. तेव्हा माझ्या म्हणण्याला एवढी पुरवणी जोडायला हवी, की परातीतल्या ढिगाने माणूस निवतो तो ढीग विकायचा नसेल तेव्हाच.

तिसरा आक्षेप मात्र हसण्यावारी नेता येत नाही. सोलणं, निवडणं, दळणं, शिवणं याला छंद कोण म्हणतो? जो ते क्वचित करतो तो. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींनी घरकाम आणि शेतीकाम करता करता ओव्या रचल्या. त्यांना अक्षरओळख नव्हती, त्या ओव्या त्यांचा मुलगा सोपानदेव आणि इतरांनी टिपून ठेवल्या आणि १९५२ मध्ये, बहिणाबाई गेल्यावर, त्यांचं पुस्तक झालं. त्या ओव्या वाचून जात्याविषयी हळवे होणारे पुष्कळ भेटतात, जातं ओढायला तयार असलेले भेटत नाहीत. हिवाळ्याच्या पहाटे जात्यावर बसणारी बाई तिथे ऊब शोधायला जात नव्हती. पीठ संपलेलं असायचं. माझ्या मते कसोटी साधी आहे. अर्ध्यावर उठून जाता येत असेल तर तो छंद, आणि उठलं तर घर उपाशी राहणार असेल तर ती मजुरी. या कसोटीला ओट्यावरचे पुष्कळ सुखवस्तू देखावे उतरत नाहीत, हे कबूल केलं पाहिजे.

त्यावर खान्देशातले पुरुष ताबडतोब भरीत पुढे करतात. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला, चातुर्मासात सोडलेलं वांगं पुन्हा पानात आलं, की शेताशेतांत भरीत पार्ट्या सुरू होतात, आणि तिथे सगळं पुरुष करतात, असा त्यांचा दावा असतो. दावा बराचसा खरा आहे. बामणोदकडची हिरवी, पांढऱ्या रेघांची, कमी बियांची वांगी येतात. जळगावच्या या वांग्याला भौगोलिक मानांकनही आहे. तुरीच्या नाहीतर कपाशीच्या काड्यांचा जाळ होतो. वांगी भाजतात, साल निघते (सोलणं इथेही सुटत नाही), लाकडी बडगीत ठेचली जातात, आणि हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात यांची फोडणी सगळ्या शिवाराला कळते. एरवी घरात पाण्याचा पेला हाताने न घेणारा माणूस इथे जाळापाशी बसून काडी किती सारायची यावर अधिकारवाणीने बोलतो, आणि कुडकुडत्या रात्री त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसतं ते कोपनहेगनच्या कुठल्याही मेणबत्तीला साधणार नाही. हाही कामाचं सोंग घेतलेला छंदच. शेत काय, घराचंच लांबलेलं अंगण. फक्त भरितासोबत कळण्याच्या पुऱ्या लागतात. ज्वारी आणि उडीद दळून आणायचे, पीठ घट्ट मळायचं, पुऱ्या थापायच्या आणि गरम गरम तळून पन्नास माणसांना पुरवायच्या. त्या कोण करतं, एवढं एकदा पंगतीत विचारून पाहावं. एकजण "कोण आहे रे पुऱ्यांवर?" म्हणून मागे वळून बघतो, दुसरा आणखी एक कांदा फोडतो, आणि तिसरा मोठ्या अगत्याने विचारणाऱ्याच्या पानात भरीत वाढतो.