दाब, धर, सोड

क्लीव्हलँड, ओहायो
दिवाळीच्या आधीचा रविवार

तीर्थरूप आप्पांस,
शि. सा. नमस्कार.

इकडे सर्व खुशाल. सासूबाईंचे गुडघे थंडीने कुरकुरतात, पण चकल्या काही अडलेल्या नाहीत. परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "मागे कसली आदळआपट चाललीय?" तर आम्ही घरच्या घरी गाडीच्या ब्रेकची एअर काढत होतो. फोनवर सांगायला लागले असते तर तुम्ही वाक्यागणिक टोकलं असतंत, म्हणून हे पत्र.

मागचे कॅलिपर बदलल्यापासून पेडल लिबलिबीत लागत होतं. पहिल्या दाबाला पाय खाली जायचा, दुसऱ्याला कुठे ब्रेक धरायचा. तुमची एसटी हवेच्या जोरावर थांबते, इथे नेमकं उलटं. ब्रेक ऑईल दबत नाही आणि हवा दबते, त्यामुळे पाइपात बुडबुडा राहिला की पायाचा सगळा जोर त्यालाच चेपण्यात खर्ची पडतो. एका गॅरेजवाल्याने सांगितलेला आकडा ऐकून तुमच्या जावयांनी खर्चाला ब्रेक लावला आणि हत्यारं मागवायला घेतली. त्या खर्चाला मात्र ब्रेक नव्हता.

पहिला आला हातपंप. निपलला नळी लावायची आणि पंप मारून ऑईल ओढून घ्यायचं. हे पंप मारतायत आणि नळीत बुडबुडे काही थांबत नाहीत. "बघ, किती हवा साठलीय!" अहो, निपल सैल केल्यावर त्याच्या आट्यांमधून बाहेरची हवा आत येते, तीच तुम्ही ओढताय, असं मी म्हटलं. पण मुलीने वर्कशॉपमध्ये बापाशेजारी बसून शिकलेलं ज्ञान व्हिडिओपुढे टिकत नाही.

मग आली प्रेशरची टाकी. मास्टर सिलिंडरच्या झाकणाच्या जागी तिचं झाकण बसवायचं, दहा-पंधरा पीएसआय दाब भरायचा आणि एकट्या माणसाने चारही चाकं उरकायची. वस्तू खरंच चांगली आहे, मला आवडली. फक्त तिच्यासोबतचं झाकण आमच्या गाडीला बसेना, आणि बसणारं वेगळं मागवायचं होतं. निपल सैल करून ऑईल आपसूक ठिबकू द्यायचाही एक मार्ग आहे. त्यात काही विकत घ्यावं लागत नाही, म्हणून तो विचारातच घेतला गेला नाही.

मधल्या काळात स्वयंपाकघरात भांडण झालं. इथले लोक टर्कीवर रस सोडायला रबरी फुग्याची एक मोठी पिचकारी वापरतात. सासूबाईंनी ती अनारशांवर तूप सोडायला राखून ठेवली होती. जावईबापूंनी तिनेच मास्टर सिलिंडरच्या डबीतलं जुनं ऑईल उपसलं. ऑईल निघालं कोऱ्या चहासारखं. हे ऑईल हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट थ्री नवं असताना निदान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलं की तीच हमी 140 वर येते. मग उतारावर ब्रेक तापले की त्यातच वाफ धरते. हे सगळं मी सासूबाईंना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "म्हणजे माझी पिचकारी गेली ना?" गेली. आता ती गॅरेजमध्ये टांगली आहे आणि तिच्यावर चिरंजीवांनी मोठ्या अक्षरात "विष" लिहिलं आहे.

शेवटी तुमचीच पद्धत कामी आली. मी खाली पाना घेऊन, हे वर पेडलवर. गाडी जॅकवरून काढून स्टँडवर टेकवली होती, काळजी नसावी. पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवला, म्हणजे पाय पार तळाला जाऊन मास्टर सिलिंडरचे जुने सील फाटायला नकोत. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे निपल गंजून बसलेले. आदल्या रात्री तेल मारून ठेवलं आणि फिक्स पाना न लावता रिंग पाना लावला, तेव्हा कुठे सुटले.

क्रमावरून मात्र जुंपली. सगळ्यात लांबचं चाक आधी, हे यांचं पाठ. आमच्या होंडाच्या पुस्तकात ड्रायव्हरकडचं पुढचं चाक पहिलं. शेवटी पुस्तक बॉनेटवर उघडं ठेवलं आणि वादाचा निकाल लावला.

"दाब. धर." मी निपल सैल केला, नळीतून फसफसत बुडबुडे निघाले, निपल बंद करणार तेवढ्यात वरून आवाज, "फोन आलाय, घेऊ का?" आणि पाय उचललेला. सगळी हवा परत आत!

मग सासूबाईंना सीटवर बसवलं. साडी सावरून त्यांनी पाय ठेवला. "धर" म्हटलं की त्या भीमरूपीची एक ओळ म्हणायच्या आणि मी "सोडा" म्हणेपर्यंत पाय तसूभर हलायचा नाही. यांच्याकडे डबी भरत राहायचं काम दिलं. ती रिकामी झाली की वरूनच हवा शिरते आणि पुन्हा पहिल्यापासून. तेवढं त्यांनी चोख केलं. थोडं ऑईल रंगावर सांडलं, पण चिरंजीवांनी लगेच पाणी ओतलं. पेडल आता वरच्या वर धरतं.

काढलेलं ऑईल बाटलीत भरून ठेवलंय. इथे ते गटारात ओतता येत नाही, गावाच्या घातक कचऱ्याच्या दिवशी नेऊन द्यायचं.

आईला नमस्कार. फराळ पाठवलाय.

तुमची,
बेबी

ता. क. पुढच्या वेळची बेगमी म्हणून यांनी डॉट फाइव्ह आणलं होतं. तीनपेक्षा पाच मोठे, एवढाच हिशेब. ते सिलिकॉनचं असतं आणि आपल्यात मिसळत नाही. परत करायला दुकानात गेलेत. रिकाम्या हाताने आले तर कळवते.