पायाआधीचं भांडण

‘रो-हाऊस’मधला ‘रो’ इंग्रजी आहे असं समजून माणसं बांधकामाला हात घालतात; स्लॅब पडेपर्यंत तो हिंदी झालेला असतो. बिल्डरने बांधून दिलेल्या रांगेत निदान कोणाच्या नावाने रडायचं हे ठरलेलं असतं. पण चार जणांनी मिळून जागा घ्यायची, तिचे पंधरा-पंधरा फुटांचे चार तुकडे पाडायचे आणि भिंतीला भिंत लावून आपापलं घर आपणच बांधायचं, या प्रकारात तीही सोय नाही. अशा घराला एक पुढची बाजू असते, एक मागची, आणि उरलेल्या दोन बाजूंना माणसं असतात. फरशी कुठली, नळ कुठल्या कंपनीचे, यावर महिनोन्महिने खल होतो. या दोन बाजूंचा विषय मात्र ‘बघू नंतर, आपलीच तर माणसं आहेत’ या वाक्यावर मिटतो. माझं म्हणणं एवढंच, की हे भांडण टळणारं नाही. तेव्हा ते पाया खणायच्या आधी, कागदावर, अगदी मन लावून भांडून घ्यावं. कागदावरची भिंत खोडरबराने सरकते. विटांची सरकवायला ब्रेकर लागतो, आणि ब्रेकरच्या मागोमाग वकील येतो.

आधी हिशेब पाहू. 15 फूट म्हणजे 180 इंच. प्रत्येकाने दोन्ही अंगांना स्वतःची 9 इंची भिंत घातली, तर 18 इंच गेले; म्हणजे रुंदीचा दहावा हिस्सा आपण निव्वळ शेजाऱ्याचं तोंड दिसू नये म्हणून खर्ची घातला. तीच भिंत हद्दीवर मधोमध, सामाईक घातली, तर दोन्हीकडून साडेचार-साडेचार मिळून नऊच इंच जातात, आणि वाचलेल्या नऊ इंचांत पुस्तकांचं किंवा चपलांचं कपाट बसतं. (यातलं कोणतं बसेल हे मराठी वाचकाला सांगायला नको.) जमिनीखाली तर मामला याहून नाजूक. हद्दीला चिकटून कॉलम उभा केला, की त्याच्या फूटिंगला चारी बाजूंना सारखं पसरता येत नाही, कारण एका बाजूला दुसऱ्याचा प्लॉट असतो. मग कॉलम फूटिंगच्या मधोमध न बसता कडेवर टेकतो, एसटीत तिघांच्या बाकावर चौथा टेकतो तसा. आणि तो कलंडू नये म्हणून त्याला बीम टाकून आतल्या कॉलमशी बांधून ठेवावं लागतं. सळई वाढते, सिमेंट वाढतं. तेच दोघांनी एकदम खणलं, तर एकाच जोडफूटिंगवर दोघांचं भागतं. थोडक्यात, शेजाऱ्याशी जमवून घेणं हा सद्गुण असेलही, पण त्याचा भाव किलोवर निघतो. आणि एकाने आज बांधलं नि दुसऱ्याने तीन वर्षांनी? दुसऱ्याच्या खोदाईने पहिल्याच्या पायालगतची माती सैल होते; जुनं घर बसायचं तेवढं बसून झालेलं असतं, नवं अजून बसत असतं, आणि या मागेपुढे बसण्यातून जी तिरकी भेग उमटते तिला दोन्ही घरं एकमेकांच्या नावाने ओळखतात.

ही अक्कल नवी नाही. मनुस्मृतीने वादाचे जे अठरा विषय मोजले, त्यांत सीमेचा वाद आहेच. कौटिल्य तर अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात हेर आणि विषप्रयोग बाजूला ठेवून थेट वळचणीखाली येऊन उभा राहतो. दोन घरांच्या वळचणींत चार अंगुळांचं अंतर ठेवा, नाहीतर एकीवर दुसरी चढवा. चूल, पाण्याची जागा, जातं, उखळ शेजाऱ्यापासून हात राखून मांडा. (मिक्सर तेव्हा नव्हता, पण त्याचा आवाज कौटिल्याला ऐकू आला असावा.) एवढं सांगून झाल्यावर तो म्हणतो, की किंवा घरमालकांनी एकत्र येऊन हवं तसं करून घ्यावं आणि नको ते टाळावं. राजाने आपल्या राजपुत्रापासूनही जपून राहावं असं शिकवणाऱ्या माणसाने घरमालकांच्या बैठकीवर ठेवलेला हा विश्वास मला हृद्य वाटतो. लंडनकरांनी तो ठेवला नाही. 1666च्या आगीत शहर जळालं, आणि 1667च्या पुनर्बांधणीच्या कायद्याने ठरवून टाकलं, की सामाईक भिंत दोघांच्या जागेत निम्मी-निम्मी, जो आधी बांधेल त्याने ती पूर्ण बांधायची, आणि दुसरा बांधायला आला की त्याने निम्मा खर्च व्याजासकट द्यायचा. शिवाय आधी बांधणाऱ्याने दर्शनी भिंतीत विटांचे दाते सोडून ठेवायचे, म्हणजे पुढच्याला जोड देता येईल. आपल्याकडे शेजाऱ्यावर दात धरतात; तिकडे त्याच्यासाठी कायद्याने दाते राखावे लागले.

यावर कोणी म्हणेल, की कागद काढला की मनं दुखावतात. चांगले संबंध असताना करारनामा म्हणजे लग्नाच्या बैठकीतच घटस्फोटाच्या अटी. हा आक्षेप मी हलक्याने घेत नाही. आपल्याकडे मौन म्हणजे संमती. पण ज्या शेजाऱ्याला आज तोंडावर नाही म्हणवत नाही, तोच उद्या गवंड्याला गाठून ‘त्यांना सांग, जरा थांबा’ म्हणतो, आणि त्या दिवशी बिगाऱ्यांची मजुरी चालूच असते. इंग्लंड-वेल्सचा 1996चा सामाईक भिंतींचा कायदा इथे फार व्यवहारी आहे. असलेल्या सामाईक भिंतीला हात लावायचा तर दोन महिने आधी नोटीस, शेजारच्या पायालगत खोल खणायचं तर एक महिना. आणि 14 दिवसांत उत्तर आलं नाही, तर वाद आहे असंच धरायचं. गप्प बसलेला शेजारी भांडतोच आहे हे त्यांनी कायद्यात लिहून ठेवलं. मग दोघांनी मिळून एक सर्व्हेअर नेमायचा, किंवा दोघांनी दोन. मनं दुखावली तरी ती सर्व्हेअरवर दुखावतात, आणि त्याला त्याचेच पैसे मिळतात.

दुसरे म्हणतील, एवढी यातायात कशाला? दोन भिंती वेगळ्या बांधा, मध्ये दोन बोटं फट ठेवा. ही फट म्हणजे दोन राष्ट्रांमधली निर्मनुष्य पट्टी. तिच्यात गवंड्याचा हात जात नाही, त्यामुळे बाहेरून गिलावा होत नाही. पाऊस मात्र जातो, आणि ओल दोन्ही दिवाणखान्यांत समान वाटली जाते. पुढे तिथे पिंपळ उगवतो, ज्याची मुळं कोणाचाही सातबारा पाहत नाहीत. हां, फट पुरेशी मोठी असेल तर गोष्ट वेगळी. चार्ल्स कोरियांनी ऐंशीच्या दशकात बेलापूरला घरं आखली तेव्हा मुद्दामच कोणाची भिंत कोणाशी जोडली नाही, म्हणजे ज्याला त्याला शेजाऱ्याला न विचारता आपलं घर वाढवता यावं. प्लॉट होते 45 ते 75 चौरस मीटरचे. लोकांनी ते स्वातंत्र्य मनापासून वापरलं. मूळची बरीच घरं पाडून तिथे मोठी उठली. पण ते रांगेचं घर नव्हेच. रांगेत राहायचं आणि रांगेतल्याला विचारायचं नाही, हे रेशनच्या दुकानातही चालत नाही. महाराष्ट्राच्या बांधकाम नियमावलीने रो-हाऊसच्या एका सलग रांगेला कमीत कमी 3 आणि जास्तीत जास्त 12 प्लॉटांची मर्यादा घातली आहे. बारांपलीकडे सलोख्याची आशा सरकारलाही नसावी.

भांडायचं कशावर, हे मात्र नीट निवडावं. भिंतीच्या जाडीवर कोणी फार भांडत नाही. खरी जागा आहे जोत्याची उंची, कारण रस्ता दर डांबरीकरणाला चढतो आणि जो शेवटी बांधतो तो सगळ्यांत उंच बांधतो. मग त्याच्या ओट्यावरचं पावसाचं पाणी खालच्या ओट्यावर पाहुणं येतं. दुसरी जागा नकाशाची. आर्किटेक्ट सांगतो, शेजारच्या घराचा नकाशा आरशातल्यासारखा उलटा करा, म्हणजे मोरीला मोरी, संडासाला संडास लागेल आणि पाइप एकाच शाफ्टमधून उतरतील. हे सगळ्यांना पटतं. मग वास्तुतज्ज्ञ येतो. त्याला आरसा मान्य नाही. प्रत्येकाचा ईशान्य कोपरा ईशान्येलाच असतो, त्यामुळे चारही घरं एकाच तोंडाची होतात आणि एकाच्या देवघरामागे दुसऱ्याचा फ्लश वाजतो. तिसरी गोष्ट स्लॅबची. चारही स्लॅब एका दिवशी टाकले तर मिक्सर एकदाच येतो, सेंट्रिंगवाला एकदाच नडतो. पण चौघांच्या राशी चार, आणि एकाचे व्याही नेमके त्याच आठवड्यात येणार असतात.

तेव्हा चौघांनी एका रविवारी एकत्र बसावं. बैठक कोणाकडे, यावर पहिलं भांडण होईल. होऊ द्यावं, पाया अजून खणलेला नाही.