एकांताची आगाऊ नोंदणी

थायलंडच्या फी फी ले बेटावरची माया बे ही एकांताच्या नियोजनाचा आदर्श आहे. पर्यटकांना ठाऊक नसलेल्या गुप्त किनाऱ्याची गोष्ट सांगणारा, इथेच चित्रित झालेला 'द बीच' हा सिनेमा २००० साली आला आणि जगाने ती गुप्तता फारच मनावर घेतली. पुढे दिवसाला पाच हजारांपर्यंत माणसं तिथे एकटी राहायला येऊ लागली. प्रवाळांना एवढा एकांत सोसला नाही. २०१८ मध्ये किनारा बंद झाला, तो जानेवारी २०२२ मध्ये उघडला. मधल्या काळात शार्क परतले; त्यांनी सिनेमा पाहिला नसावा.

आताची शिस्त वाखाणण्याजोगी. खाजगी बोट खुशाल करावी, मात्र ती बेटाच्या पाठीमागे लावावी. किनाऱ्यावर उभं राहून पाणी पाहावं, पोहू नये. शेजारची वायकिंग केव्ह बोटीतूनच न्याहाळावी. आत पाकोळ्यांनी लाळेची घरटी बांधली आहेत, आणि ती सूपासाठी लागतात. ऑगस्ट-सप्टेंबरात तर किनाराच सुट्टीवर.

या धोरणाची पुढची पायरी आम्ही नम्रपणे सुचवतो. बोट धक्क्यालाच बांधून ठेवावी. प्रवाशांना केशरी जाकिटं घालून बसवावं, दोन बादल्या खारं पाणी अंगावर उडवावं, आणि निर्मनुष्य किनाऱ्याच्या तयार फोटोत त्यांचे चेहरे बसवून द्यावेत. प्रवाळ सुखी, प्रवासी सुखी, डिझेलची बचत. जादा पैसे मोजणाऱ्यांना बोट अर्थातच खाजगी मिळेल. बादली तेवढी सामायिक.