पणजोबा कसे वाढवावेत

पितृपक्ष सोडून इतर वेळी पूर्वजांचा विषय काढू नये. ऐकायला कोणी थांबत नाही. भाद्रपदाच्या वद्य पक्षात मात्र सगळं घर एका जागी अडकलेलं असतं. पान गच्चीवर ठेवलेलं, कावळा कुठे दिसत नाही, खालून खिरीचा आणि वड्यांचा वास. इतका उपाशी आणि म्हणून इतका नम्र श्रोता वर्षभर पुन्हा मिळत नाही. लगेच सुरुवात करावी.

पहिला पूर्वज पानिपतावरच पडलेला असावा. १४ जानेवारी १७६१ एवढी तारीख पाठ हवी, बाकी अभ्यास लागत नाही. तो मुदपाकखान्यात होता की बाजारबुणग्यांत, या तपशिलात शिरू नये; 'भाऊसाहेबांच्या जवळचा' म्हणावं. तळ तर एकच होता. त्याला घोडा द्यावा, घोड्याला नाव द्यावं. पुरावा मागणारा एक जावई प्रत्येक घरात असतो. त्याला सांगावं, "कागद होते हो, पण मोडीत." तरी ऐकेना, तर वाळवी काढावी.

जमिनीचं प्रकरण मात्र सावकाश घ्यावं. ती कूळकायद्यात गेली, १ एप्रिल १९५७ ला. किती गेली, ते बघायला तलाठ्याकडे जाऊ नये. माझ्या लहानपणी आमची १२ एकर गेली होती, माझ्या मुंजीपर्यंत २० गेली, आणि यंदा काकांनी ओढ्यापलीकडचा डोंगरही त्यात घातला. गेलेली जमीन नांगरावी लागत नाही, त्यामुळे ती भराभर वाढते. (जे ती कसत होते, त्यांच्या घरीही याच जमिनीची गोष्ट असणार. ती आमच्या गच्चीवर कोणी सांगत नाही.)

त्र्यंबकेश्वरी गेलात तर तीर्थोपाध्यायांच्या नामावळीपासून जपावं. तिथे खुद्द पणजोबांच्या हातची नोंद निघू शकते: गाव, भावांची नावं, खाली सही. घोडा नसतो.

एक अडचण सकाळीच येते, तिची तयारी ठेवावी. गुरुजी तीन पिढ्या विचारतात. वडील, आजोबा, पणजोबा धडाधड सांगून होतात. मग आई, आजी, आणि "पणजीचं नाव?" इथे सर्वांनी जमिनीकडे पाहावं. घोड्याचं नाव सुचलं तरी ओठांवर आणू नये.

गेल्या वर्षी आमचं असंच पाहून झालं, तेव्हा वडे तळता तळता आत्या आतून म्हणाली, "माहेरचं सांगू की सासरचं?"